काच नितळ, रेघ वाकडी

२०२३ च्या भाऊबीजेची गोष्ट. माझा मेहुणा औशाकडून नांदेडला आमच्या घरी आला होता. पाटावर बसला, डोक्यावर टोपी घातली, आणि माझी पत्नी त्याला ओवाळू लागली. ताट एकदा फिरले, दुसऱ्यांदा फिरले, आणि मेहुणा हळूच म्हणाला, "ताई, वाती किती लावल्यास?"

"एकच की रे. का?"

"मला तीन दिसायल्यात. तिन्ही तिरप्या."

ताट हातातल्या हातात थांबले. कोणी काही बोलले नाही. त्याच्या त्या डोळ्यावर आठ महिन्यांपूर्वी हैद्राबादला शस्त्रक्रिया झाली होती. मेलेल्या माणसाच्या डोळ्यावरची पारदर्शक काच काढून ती त्याच्या डोळ्यावर बसवली होती. काच उत्तम बसली आहे, अगदी नितळ आहे, असे डॉक्टरांनी दर खेपेला सांगितले होते. मग एका निरांजनाच्या तीन वाती कशा? आम्हा सर्वांच्या मनात एकच विचार आला: शस्त्रक्रिया फसली.

तो विचार चुकीचा होता. किती चुकीचा, हे समजायला मला पुढची दोन वर्षे लागली. मी मराठीचा प्राध्यापक; वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आजारी पडण्यापुरता. परंतु या दोन वर्षांत हैद्राबादच्या खेपा घालताना जे शिकलो, ते चार घरांत पोहोचावे असे वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

कपाटातली बाटली

आधी माझा अपराध सांगतो. तो सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

मेहुण्याचा डावा डोळा लहानपणीच्या गोवरात अधू झालेला. सारा भरवसा उजव्यावर. २०२२ च्या जानेवारीत तुरीची कापणी चालू असताना वाकला, आणि कापलेल्या तुरीचा खुंट त्याच उजव्या डोळ्याला लागला. रक्त नाही, मोठी जखम नाही. दोन दिवस डोळा लाल राहिला, पाणी वाहिले, खुपत राहिले. तिसऱ्या दिवशी तो कामानिमित्त नांदेडला आला. माझ्या कपाटात डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बाटली होती. मागे घरात डोळ्यांची साथ आली, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली, अर्धी उरलेली. मी मोठ्या विद्वत्तेने ती त्याच्या हातात ठेवली आणि म्हटले, "हे घाल, दोन दिवसांत उतार पडेल."

उतार पडला. लाली ओसरली, दुखणे कमी झाले. दोघेही खूश. आणि आठ-दहा दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला.

त्या थेंबांत स्टेरॉईड होते. स्टेरॉईड लाली दाबते, वेदना दाबते. पण त्याबरोबरच शरीराची प्रतिकारशक्तीही दाबते. झाडपाल्याच्या जखमेतून डोळ्यात बहुधा बुरशी शिरते: तूर, ज्वारीचे धाट, उसाचे पान, कडबा, सगळ्यांवर ती असते. मी दिलेल्या थेंबांनी पहारेकऱ्याला झोपवले आणि चोराला दार उघडून दिले. लातूरच्या नेत्रतज्ज्ञाने जखमेचा अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, बुरशीचे तंतू दाखवले, आणि आधी काय घातले होते ते विचारले. मेहुण्याने माझे नाव सांगितले नाही. "असंच, घरातलं होतं," एवढेच म्हणाला.

पुढे कित्येक आठवडे, सुरुवातीला तर तासातासाला, औषध घालावे लागले. बुरशी गेली. डोळा वाचला. पण ऐन मध्यावर पांढरा डाग राहिला. आपल्याकडे त्याला "डोळ्यात फूल पडले" म्हणतात. आपली भाषा कधी कधी फार मोठ्या दुःखाला फार नाजूक नाव देते!

अर्ध्या मिलिमीटरचे भिंग

डोळ्याचा काळा भाग आपल्याला दिसतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर, मध्यावर जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशी जास्त. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. प्राणवायू तो बव्हंशी थेट हवेतून, अश्रूंच्या वाटे घेतो. म्हणूनच तो काचेसारखा आरपार राहतो, आणि म्हणूनच दुसऱ्याचे पारपटल शरीर सहसा खपवून घेते.

पण तो नुसती खिडकीची काच नव्हे. डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवून पडद्यावर एकत्र आणण्याचे जवळजवळ दोन-तृतीयांश काम तो करतो. आतले भिंग, ज्याला मोतीबिंदू होतो, ते उरलेले काम पाहते. म्हणजे पारपटलाला दोन गुण हवेत. तो नितळ हवा, आणि त्याचा घाट बिनचूक हवा. आम्ही नितळपणा मिळाल्याच्या आनंदात घाटाला विसरलो होतो.

घाट बिघडला म्हणजे काय होते? लिंबू आडवे कापले तर त्याची वाटी सर्व बाजूंनी सारखी गोल असते. उभे कापले तर एका दिशेने बाक जास्त, दुसरीने कमी. पारपटलाचा बाक असा दोन दिशांना वेगवेगळा झाला की प्रकाश एका बिंदूत मिळत नाही; दिवा लांबट दिसतो, अक्षरांना सावली येते. चष्म्याच्या चिठ्ठीत "सिलिंडर" आणि "अ‍ॅक्सिस" लिहितात तो हाच दोष. शास्त्रीय नाव अ‍ॅस्टिग्मॅटिझम. आपण तिरपा नंबर म्हणू. थोडाफार तो पुष्कळांना असतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज एअरी नावाच्या तरुण गणितज्ञाला आपल्या डाव्या डोळ्याने प्रकाशाचा बिंदू लांबट दिसतो असे आढळले. त्याने हिशेब मांडला, एका दिशेलाच बाक असलेले भिंग कारागिराकडून घासून घेतले आणि १८२५ साली आपला शोध जाहीर केला. हेच गृहस्थ पुढे ब्रिटनचे राजज्योतिषी झाले. आज कोट्यवधी नाकांवर त्यांची ती युक्ती बसलेली आहे.

परंतु जखम झालेल्या पारपटलाचा दोष याहून वाईट. तिथे दोन दिशांचा साधा हिशेबही उरत नाही. घरातला जुना तांब्याचा तांब्या घ्या. नवा होता तेव्हा त्यात तोंड दिसे, लांबट का होईना, पण एक. आता त्याला पोचे पडले आहेत. त्यात पाहा: एका नाकाची दोन नाके, डोळा कपाळावर. तांब्या चिंचेने घासून लख्ख केला तरी तोंड नीट दिसणार नाही. कारण दोष मळाचा नाही, पोच्याचा आहे. आणि असल्या पोच्यांना चष्मा पुरा पडत नाही.

सोळा घरांचा तबला

पारपटल बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी झाली. चुना विझवताना दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्याकडे आला होता. डोळ्यात लोखंडाचे कण शिरल्यामुळे एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा काढावा लागला. त्याचे पारपटल या मजुराला बसवले. दोनपैकी एक डोळा टिकला आणि तो कामावर परतला. पुढे १९३० नंतर सोव्हिएत संघातील ओडेसा येथील (ते शहर आज युक्रेनमध्ये आहे) डॉ. फिलातोव यांनी मृतांच्या डोळ्यांवरून हे काम मोठ्या प्रमाणावर होऊ शकते हे दाखवून दिले. नेत्रदानाची सारी चळवळ त्यातून उभी राहिली.

आमच्या मराठवाड्याला या कामासाठी हैद्राबाद जवळ. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, पण रेल्वेचे रूळ काही उखडले गेले नाहीत! नांदेडहून निजामाबादमार्गे, लातूरहून उदगीर-बीदरमार्गे माणसे आजही उपचारासाठी तिकडेच जातात. त्याच शहरात डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ साली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था सुरू केली आणि पारपटलाच्या कामात ती जगाच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवली. मेहुण्यालाही शेवटी हैद्राबादच्याच एका मोठ्या इस्पितळात दाखवले. त्याचा आतला थर शाबूत होता. डॉक्टरांनी तो तसाच ठेवून वरचे डागाळलेले थर तेवढे बदलले. असे केले की शरीराने नवे पारपटल नाकारण्याचा धोका कमी होतो.

आता ती भाऊबीज. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही हैद्राबादला गेलो. मी जरा तावातावानेच विचारले, "काच नितळ आहे म्हणता, मग तीन वाती कशा?"

डॉक्टरांनी यंत्रावर काढलेला डोळ्याचा नकाशा समोर धरला. पृथ्वीच्या नकाशात डोंगर तांबडे आणि सखल भाग निळा असतो, तसा हा पारपटलाचा नकाशा. चढ तांबडा, उतार निळा. मेहुण्याचा नकाशा म्हणजे सह्याद्री होता! नवी चकती जुन्या कडेला सोळा टाक्यांनी शिवलेली. धागा नायलॉनचा, केसाहूनही कितीतरी बारीक. सोळा टाक्यांत एखादा किंचित घट्ट बसला की तेवढ्या बाजूचा बाक बदलतो.

मला एकदम तबला आठवला. तबल्याच्या पुडीला सोळाच घरे असतात. एका घराकडे वादी जास्त ओढलेली असेल तर तिथला सूर चढा लागतो. मग वादक हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोकत ठोकत सगळी घरे एका सुरात आणतो. नवी पुडी चढवली म्हणजे तबला झाला असे नव्हे. तो लावावा लागतो.

डोळ्याचेही तेच. फरक एवढाच की तबला पाच मिनिटांत लागतो आणि डोळा लागायला दीड-दोन वर्षे लागतात. पारपटलात रक्त नाही, म्हणून जखम फार सावकाश भरते. घाईने टाके काढले तर जोड उसवेल. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नकाशा काढायचा, ज्या दिशेला ताण जास्त तिथला एखादा टाका काढायचा, आणि पुन्हा वाट पाहायची.

अडचण अशी की ही वाट पाहणे आपल्या लोकांना ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक आहे ती मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, लाखाहून अधिक डोळ्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, २००८ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले. त्यांच्यासारख्यांनी गावोगावी शिबिरे घेऊन डोळ्याच्या शस्त्रक्रियेची भीती घालवली. केवढे पुण्य! पण त्यामुळे पट्टी सुटली की दिसले पाहिजे, अशी समजूतही रुजली. पारपटलाचा रुग्ण सहा महिन्यांनी धूसर पाहतो, फसलो म्हणतो, आणि खेपा बंद करतो. टाके तसेच राहतात, सैल होतात, जंतू शिरतात, आणि कुणाच्या तरी मृत्यूने मिळालेली नितळ काच पुन्हा पांढरी होते. आमचा मेहुणाही म्हणालाच होता, "दाजी, आता बास. किती भाडं घालायचं?" त्या वेळी कपाटातल्या बाटलीचे माझ्या मनावरचे ओझे कामी आले. प्रत्येक खेपेला मी सोबत गेलो.

लेसर का नाही?

२०२४ च्या श्रावणापर्यंत सगळे टाके निघाले. तीनच्या दोन वाती झाल्या. तरी तिरपा नंबर आठाच्या घरात उरला होता.

पहिला उपाय कडक कॉन्टॅक्ट लेन्सचा. ही लेन्स डोळ्यावर ठेवली की तिच्याखाली अश्रूंचे पाणी साचते आणि सगळे खड्डे भरून काढते. पोचे पडलेल्या तांब्यावर काचेचा नवा घुमट ठेवावा तसे. मेहुण्याला इस्पितळात ती लावली, आणि त्याने भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरे धडाधड वाचली. आमच्या डोळ्यांना पाणी आले. पण शेतात लेन्स टिकेना. मळणीचा भुसा, नांगरटीची धूळ. डोळा लाल व्हायचा. आणि दुसऱ्याचे पारपटल लावलेल्या डोळ्याने लाल होणे ही धोक्याची घंटा. शहरातल्या कारकुनाला जो उपाय पुरला असता, तो शेतकऱ्याला पुरेना.

मी विचारले, "लेसरने घासून घाट नीट होत नाही का? शहरात तर जो तो चष्मा घालवतो." या लेसरच्या मुळाशी आपलाच माणूस आहे. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९८१ साली सणाच्या जेवणातली उरलेली टर्कीची हाडे त्यांनी प्रयोगशाळेत नेली आणि एक्सायमर लेसरखाली धरली. आजूबाजूचा भाग जराही न भाजता लेसरने स्वच्छ काप घेतला. त्यातून चष्मा घालवण्याची आजची शस्त्रक्रिया निघाली. पण हे लेसर पारपटलाचा भाग उडवून घाट देते. जिथे जाडी पुरेशी आणि दोष हिशेबात बसणारा, तिथे ते उत्तम. वरवरचे डागही त्याने घासता येतात. मात्र पारपटल पातळ असेल, डाग खोल असेल, तर जे थोडे शिल्लक आहे तेही उडवणे शहाणपणाचे नव्हे. मेहुण्याचा दोष लेसरच्या मानाने फार मोठा होता.

मग उरला एक जुना मार्ग. नॉर्वेच्या यालमार श्योट्स यांनी १८८५ साली मोतीबिंदूनंतर आलेला तिरपा नंबर पारपटलाच्या कडेला छेद घेऊन कमी केला होता. तत्त्व साधे आहे. मांडवाचे कापड एका दिशेने फार ताणलेले असेल तर त्या बाजूचे दोर थोडे सैल करतात. तिकडचा ताण उतरतो आणि आडव्या बाजूला कापड सावरते. ज्या दिशेला बाक जास्त, तिथे दोन बाजूंना दोन कमानदार छेद घ्यायचे. आरपार नाही, ठरलेल्या खोलीपर्यंतच. याही मार्गात ठेचा लागल्या आहेत. जपानचे डॉ. सातो यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला पारपटलाच्या आतल्या बाजूने छेद घेतले. आतला नाजूक थर दुखावला, आणि पुढे वर्षांनंतर त्या रुग्णांची पारपटले धूसर होत गेली. म्हणूनच आजचे शल्यवैद्य नकाशा काढून, जाडी मोजून, मग हात घालतात.

२०२५ च्या जानेवारीत मेहुण्यावर हे छेद झाले. "नंबर शून्य होणार नाही," डॉक्टरांनी आधीच सांगितले, "चष्म्याच्या आवाक्यात आणायचा प्रयत्न करू." आठाचा तीन झाला. तीनला चष्मा पुरतो. आणि चष्मा धुळीत चालतो!

चार घरांसाठी चार गोष्टी

दिवाळीच्या तोंडावर घरात रंगरंगोटी, चुना, फटाके, लहान मुले. म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो.

चुना डोळ्यात गेला, मग तो भिंतीचा असो की तंबाखूच्या पुडीतला, तर डॉक्टर शोधण्याआधी नळाखाली डोळा धरा. पापण्या उघडून चांगला अर्धा तास धुवा, कण दिसले तर ते काढून टाका, आणि मग धावा. फटाका लागला तर मात्र डोळा चोळू नका, दाबू नका. वरून नुसते संरक्षण द्या आणि सरळ नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

झाडपाल्याची जखम किरकोळ समजू नका. गावाकडच्या भावाला, मामाला हे फोनवरून सांगा.

कपाटातली डोळ्याच्या औषधाची उरलेली बाटली आजच टाकून द्या. ती घरात नसती, तर हा लेख लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

आणि ज्यांच्या घरी पारपटल बदललेला रुग्ण आहे, त्यांनी टाके संपेपर्यंत खेपा सोडू नयेत. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा नजर उतरली, तर उद्यावर ढकलू नये.

शेवटचे. मेहुण्याला मिळालेली ती चकती कुणाची, हे आम्हाला ठाऊक नाही. ते सांगत नाहीत. पण त्या घरी काय घडले असेल ते मी जाणतो. रडारड चालू असताना कुणीतरी उठले असेल. मृताच्या पापण्या मिटवल्या असतील, त्यावर ओला कापूस ठेवला असेल, डोक्याखाली उशी दिली असेल, पंखा बंद केला असेल, आणि सहा तास उलटण्याच्या आत नेत्रपेढीला फोन केला असेल. वयाची अट नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया, कशाचीच आडकाठी नाही. चेहरा विद्रूप होत नाही. रेबीज, एड्स, काविळीसारखे काही आजार तेवढे चालत नाहीत. जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. त्या वेळी शोधायला कुणाला सुचत नाही.

२०२५ च्या राखीपौर्णिमेला मेहुणा नांदेडला आला. बहिणीने राखी बांधली आणि ताट हातात घेतले. ओवाळताना तिने विचारले नाही; त्यानेही लगेच सांगितले नाही. आधी चष्मा काढून पाहिले, मग घालून पाहिले.

"काढला की दोन हायत," तो म्हणाला. "घातला की एकच."

मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "दाजी, ती बाटली टाकली का?"

इतकी वर्षे त्याने तो विषय काढला नव्हता. मी मान हलवली. बहिणीने त्याच्या तोंडात पेढा घातला, आणि आम्ही जेवायला बसलो.